न रंगवलेली वीतभर जागा

वडणग्याच्या गुऱ्हाळावरनं ते आलं
उसाच्या ट्रॉलीत, चिपाडावर बसून.
पट्टे नाहीत, सीट नाही,
आणि पाठोपाठ मुंग्या.

उद्यमनगरात आधी कुणालाच ओळखेना.
ट्रॅक्टर म्हणावं तर तोंड नाही,
रणगाडा म्हणावं तर टोपी नाही.
अन्वर शिकलगारनं वाकून एका रिव्हेटवर नख मारलं,
म्हणाला, ब्रेन कॅरिअर. लढाईतलं.
जिल्ह्यात दुसरं दाखव, गॅरेज तुझ्या नावावर करतो.

लढाई संपल्यावर कुणीतरी लिलावात घेतलं,
इंजिन काढून चरकाला जोडलं.
फोर्डचं व्ही-एट
एकोणतीस हंगाम ऊस खात राहिलं,
आणि उरलेल्या धडात ढेपा रचल्या.
म्हणून मुंग्या.
डिझेल मारलं, वाफ दिली, ब्लोअर लावला,
सांध्यासांध्यातनं त्या निघतच राहिल्या,
रांगेत,
तोंडात काही नसतानाही.

माझं काम कडीचं.
पट्ट्याची एकच जुनी कडी सापडली,
गुऱ्हाळाच्या फाटकाला वजन म्हणून टांगलेली.
ती मोजून सागात कोरली.
लोखंड गार होताना आकसतं,
तेवढं लाकूड जादा ठेवायचं असतं;
पहिल्यांदा हे विसरलो तेव्हा
अठरा पुल्या भंगारात गेल्या होत्या, आणि
वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.
शिरोलीत ओतल्या साडेतीनशे कड्या.
रात्री झोपेतही मोजल्या.

मालक विश्वजित इंगवले.
रविवारी यायचे, पांढऱ्या बुटात,
डाव्या पत्र्यातल्या भोकात बोट घालून उभे राहायचे.
“गोळी,” म्हणायचे, “इटलीतली असणार.”
आलेल्या पाहुण्यांनाही बोट घालायला लावायचे.

मग एका रविवारी जुना गुळव्या आला,
ज्ञानू बोडके, ऐंशीच्या पुढचा.
चहा बशीत ओतता ओतता म्हणाला,
“ते व्हय? ते मी पाडलंय. पायपासाठनं.
लई चिवट पत्रा. तीन ड्रिलं मोडली,
पगारातनं कापून घेतली.”

कुणी काही बोललं नाही.
कोपऱ्यातला कंप्रेसर तेवढा आपणहून सुरू झाला.

पाटीवर गोळीच लिहायची ठरली.
“लिवा की,” ज्ञानूआप्पा म्हणाला,
“ड्रिलांचं पैसं मातूर कुणीतरी द्या.”

रंगाच्या आदल्या रात्री मी आत उतरलो, बॅटरी घेऊन.
ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, वीतभर जागेत,
खिळ्यानं ओढलेल्या रेघा:
चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी,
शेवटच्या जुडग्यात फक्त दोन.

दिवस असतील. कुणीतरी घरापासून मोजलेले.
किंवा आधणं. रात्रपाळीला किती काहिली उतरल्या, त्याची.
आप्पाला फोन केला.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला, मग,
“मी मोजायचो, पण खडूनं.”

अन्वरला विचारलं नाही.
मालकांना तर नाहीच.
मास्किंग टेप चिकटवली, चारी कडा नखानं दाबल्या.
सकाळी स्प्रेगन फिरली, हिरवा रंग बसला,
आणि मी टेप ओढली.

मेरी वेदरवर त्या दिवशी फेटे होते, ड्रोन होता,
जीपा, साइडकार, एक रंगीत रणशिंगवालाही.
इंजिन तिसऱ्या दमाला धरलं.
आमच्या कड्या मातीत उमटत गेल्या,
साडेतीनशे, एकसारख्या,
एकही तुटली नाही. (मी खाली बघतच चाललो होतो.)
लोक भोकात बोट घालायला रांग लावून उभे.

गर्दी ओसरल्यावर आत डोकावलो.
गुडघ्याजवळच्या त्या गंजक्या चौकोनात
एक मुंगी
पहिल्या रेघेवरनं दुसऱ्या रेघेवर जात होती,
सावकाश,
जणू हिशेब अजून जुळायचा होता.