जखम पुस्तक ठेवा

मेयोच्या ड्रेसिंग रूममध्ये, बेसिनच्या वर,
औषधकंपनीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
निळ्या बॉलपेननं लिहून ठेवलंय मी:
हात धुवा, रुआ ताय.
साबण, सा फोंग.
उकळून निववलेलं पाणी, हे फार लांब आहे,
अर्ध्यातच माझा श्वास संपतो.

इंदोऱ्याच्या विहारात उतरलेल्या भिक्खुणी दियेऊ ताम
ऑक्टोबरच्या डांबरावरून अनवाणी दीक्षाभूमीला गेल्या,
टाचेत काच घेऊन परतल्या.
पाचव्या दिवशी पाय सुजून आला.
पू हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.
त्यांच्याकडे मू, आपल्याकडे पू,
दोघी एकदमच नाक मुरडून हसलो.
जंतूंना त्या म्हणतात वी ख्वन,
कुजबुजल्यासारखं,
न दिसणाऱ्यांनी ऐकू नये म्हणून.

दारातून गोवर्धनमामा:
"सिस्टर, चिनी काहून बोलून राह्यल्या?"
"चिनी नाही बाप्पा, व्हिएतनामी."
"मंग ठीक हाय," म्हणाले, आणि बादली घेऊन गेले.

आज शेवटचं ड्रेसिंग.
रात्रपाळीत घोकलेलं वाक्य मी ऐटीत म्हटलं:
जखम स्वच्छ ठेवा.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग टाचेकडे,
मग दोन तळहात जुळवून हळूच उघडले,
पान उलटल्यासारखे.

साइक म्हणजे स्वच्छ.
पण आवाज विहिरीतल्या दगडासारखा पडला पाहिजे,
पडून तिथेच थांबला पाहिजे.
माझा वर गेला, प्रश्न विचारल्यासारखा.
वर गेला की साइक म्हणजे पुस्तक.
साठीच्या बाईला मी सांगितलं होतं,
सरकारी शिक्क्यासह:
जखम पुस्तक ठेवा.

हसू ओसरल्यावर सलाईनची बाटली घेतली.
तोंड जखमेला टेकू द्यायचं नाही,
वीतभर वरून धार सोडायची,
हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

मिलच्या गेटाबाहेरच्या पाणपोईवर
माझा आजा ओंजळ धरून वाकायचा,
आणि कुणीतरी वीतभर वरून धार सोडायचं,
भांडं टेकू न देता.
हेच अंतर. जवळजवळ हाच हात.
त्याचा जंतू मात्र कुठल्याच काचपट्टीवर
अजून कुणाला दाखवता आलेला नाही.
हप्त्याच्या पगारातून आजानं
बापासाठी आधी साबण आणला की पुस्तक,
घरात यावर दोन मतं आहेत.

जाताना दियेऊ तामांनी माझं पेन मागितलं.
कॅलेंडरवर आपल्या लिपीत तोच शब्द दोनदा लिहिला.
एकाच्या पोटाखाली टिंब: स्वच्छ.
एकाच्या डोक्यावर तिरकी रेघ: पुस्तक.
मग पट्टी बांधलेला पाय जपत जिना उतरल्या.

दुपारपाळीची बेनिता विचारते,
ड्रेसिंग रूममध्ये पुस्तक कशाला?
असू दे म्हटलं.
सा फोंग संपलाय, तेवढा स्टोअरला कळव.