बाण आमच्या बाजूला

पहिल्या वहीला पुठ्ठा नाही.
बहात्तर साली भोकाच्या बुटात घालायला
तो दौलत भिसेनं फाडून नेला.
बाकी वह्या शाबूत.
पूर्वार्ध लाल शाईत, उत्तरार्ध निळ्या.
आयुष्यभर मी नुसते आकडे लिहिले.
खेळलो एकदाच, चार मिनिटं,
पाचवा गडी लग्नाला दौंडला गेला म्हणून.

खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या भिंतीमागे,
मुरमाचं कोर्ट.
चेंडू पडायचा आणि विचार करून उठायचा.
पूर्वेच्या बोर्डामागे गांधीलमाश्यांचं पोळं;
पाहुण्यांना पहिल्या हाफला तीच बास्केट द्यायचो.
त्यावरून नाव पडलं, गांधीलमाशी.
खरं नाव मंडळाच्या घटनेत आहे, साडेतीन ओळींचं,
ते कधी कुणी ओरडलं नाही.

सेल्वराज तिसऱ्या पाळीवरून थेट यायचा,
नखांत ग्रीस, डोळ्यांत झोप,
आणि हुक असा टाकायचा
की जाळीला उशिरा कळायचं.
वहीत मी लिहिलं: दोन.
दुसरं काय लिहिणार?
याकूब तांबोळी फ्री थ्रोआधी
चेंडूशी काहीतरी पुटपुटायचा.
विचारलं, तर म्हणाला, "भाडं मागतो."
नारखेडे सर जिंकल्यावर म्हणत, "चहा तुमच्याकडून."
हरल्यावर स्वतः देत.
एकोणऐंशीत कँटीनवाल्याकडे सरांची उधारी
आमच्या वर्षभराच्या गुणांपेक्षा जास्त झाली.

मग खूप वर्षं गेली, म्हणजे नऊ वह्या.

मग लीग आली, आणि धनेश बाबर नावाचे बिल्डर.
म्हणाले, माशी नको,
माशी म्हटलं की मिठाईचं दुकान आठवतं.
आम्ही स्टिंगर्स झालो.
बालेवाडीकडे भाड्याचा हॉल, लाकडी कोर्ट;
चेंडू पडला की विचार न करता हातात.
याकूबचा नातू इलियास पगारी खेळाडू झाला.
अठरा हजार.
म्हाताऱ्यानं पासबुक उघडलं, मिटलं,
चष्मा पुसला, पुन्हा उघडलं.
ओहायोहून डॅरिल आला,
रिक्षात बसला की गुडघे मीटरला लागायचे.
मराठी दोनच शब्द शिकला,
फाउल दिला नाही की पंचाला म्हणायचा, "जाऊ दे."

तिसऱ्या हंगामात पगाराची तारीख
आधी पुढे गेली, मग निघूनच गेली.
डॅरिललाही जाऊ द्यावं लागलं.
त्याची गादी अजून मंडळाच्या खोलीत आहे,
कुणाच्याच पलंगावर मावत नाही.

शेवटचा सामना.
दोन मिनिटं चौदा सेकंद बाकी,
सत्तर-एकाहत्तर, आम्ही मागे.
दोघांनी चेंडू धरला, पंचानं शिट्टी मारली,
टेबलावर बघितलं.
विजेचा बाण दिवाळीपासून बंद,
मी घरून लाकडाचा नेला होता, पत्र्याच्या खिळ्यावर फिरणारा.
आमच्या बाजूला होता.
इलियास रेषेबाहेर चेंडू घेऊन उभा राहिला
आणि जनरेटरवाले घुले आत आले.
ओरडले नाहीत. "चार महिने झाले," एवढंच म्हणाले,
परत जाऊन खटका पाडला.

अंधारात चेंडू सुटला कुणाच्या तरी हातून.
आपटला, आपटला,
मग लहान लहान आपटत
खुर्च्यांखाली कुठेतरी थांबला.
मी मोजले. अकरा. सवय.

घुल्यांची चूक नव्हती.
शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहिलंय, सहीनिशी.
घड्याळाचा रकाना कोरा सोडलाय.

मुरमावर आता कारखान्याचे ट्रक उभे असतात.
बोर्ड आहे. रिंग गेली. पोळं दरवर्षी नवं.

बाण माझ्याकडे, टीव्हीच्या कपाटावर.
पुसताना हिच्या हातून तो पलीकडे फिरतो.
मी काही बोलत नाही.
रात्री दिवा घालवण्याआधी
इकडे वळवून ठेवतो.
थ्रो-इन घ्यायचा राहिलाय.