कान

क्रेमनित्साच्या टांकसाळीत
वेंदेलीन हुदेत्स पदकांचे ठसे कोरायचा.
पोलादात सगळंच उलटं:
डावीकडं बघणारा माणूस
उजवीकडं बघताना कोरायचा,
नाक खड्ड्यात घालायचं,
म्हणजे ते छापल्यावर वर येतं.

अध्यक्षांच्या साठीला राजधानीतून फोटो आले,
मागोमाग पत्र: गळ्याखालची वळी नको.
दुसरं पत्र: कपाळ थोडं रुंद चालेल.
तिसऱ्यात नुसतंच, हनुवटी.
फोटो सगळे समोरून काढलेले.
कानाबद्दल कुणी अवाक्षर लिहिलं नव्हतं.

मी तेव्हा तिथं वजनकाट्यावर होते.
संध्याकाळी तो दूधवाल्या गाश्पारला
खिडकीशी आडवा बसवायचा
आणि त्याचा कान बघत राहायचा.
लहानपणी थंडीनं पाळीचा तुकडा खाल्लेला,
तेवढाही त्यानं सोडला नाही.
गाश्पार कुरकुरायचा, बायको विचारते,
दूध घालायला एवढा वेळ?

चाळीस हजार निघाली.
खाणीत वाटली, पोहण्याच्या शर्यतीत वाटली,
एक तर बारा लेकरांच्या आईला.
इतक्या छात्यांवर तो कान झुलला,
कुणाच्या कानावर काही आलं नाही.

मग एका हिवाळ्यात चौकातला पुतळा उतरला
आणि पदकं पोत्यांतून परत आली, बटाट्यांसारखी.
मी लिहीत गेले: एकशे बारा किलो. अठ्ठ्याण्णव.
भट्टीला घाई नव्हती.

नव्या अध्यक्षांचे फोटो हसरे, गळ्यात मफलर.
पत्र: आम्हांला खरं दाखवा, वळीसकट.
वेंदेलीननं वळी कोरली,
डोळ्यांखालच्या पिशव्या कोरल्या.
कान?
म्हणाला, तो हाताला पाठ झालाय.

गाश्पार गेला तेव्हा
थडग्यावर लावायला ओतिलियाकडं एकच फोटो होता,
त्यात कानटोपी.
मी एक पदक नोंदीत न घेता ठेवलं होतं. ते दिलं.
जुन्या साहेबांचं की नव्या,
तिनं बघितलंही नाही.
अंगठ्यानं अख्खा चेहरा झाकला,
कान तेवढा उघडा ठेवला,
ओठ अगदी जवळ नेले
आणि पांढरी गाय रात्री व्याली
ते त्याला सांगितलं.