तळाचं शिसं

सियागंजात सव्वीस वर्षं मी वजनं तपासली.
हळद, हिंग, सुक्या मिरच्या,
शिंकत शिंकत एका गाळ्यातून दुसऱ्यात.
वजन उलटं करायचं, तळाच्या खळग्यातल्या शिशावर
हातोडीनं ठोका घालायचा:
साल, तिमाही, आणि माझा आकडा, १७.
एवढं खरं आहे, असं सरकारतर्फे सांगायचो.
व्यापारी चहा मागवायचे. मी प्यायचो नाही.
कधीकधी प्यायचो.

मग एका मंगळवारी पुरे वाटलं.
कर्ज नव्हतं, आजार नव्हता.
वसुधा म्हणाली, निदान भांडण तरी कर,
म्हणजे इंदुरात लोकांना काही सांगता येईल.

मीटरगेजनं कालाकुंडला उतरलो,
चोरलच्या काठाकाठानं वर चालत गेलो,
सागाच्या मागे जिथं हाक पोचत नाही तिथं
चार बल्ल्या रोवल्या.
कोयता, दोन पातेली, मक्याचं बी,
पाच किलो मीठ,
आणि सवयीनं पिशवीत राहून गेलेलं
एक किलोचं लोखंडी वजन.
ते झाकणावर ठेवू लागलो, वानरांसाठी.

पहिल्या वर्षी मका डुकरांनी खाल्ला.
दुसऱ्या वर्षी आम्ही वाटून खाल्ला.
मोजणं सोडलं होतं. मूठ म्हणजे मूठ.
ओंजळीला कुणाचा शिक्का लागत नाही,
असं मोठ्यानं म्हणून पाहिलं एकदा,
ऐकायला टिटवी होती फक्त, आणि तीही उडाली.

मीठ मात्र संपलं.
तीन आठवडे अळणी खाल्लं. माणूस हट्टानं
किती दिवस अळणी खाऊ शकतो, ते मला आता माहीत आहे.
मग खालच्या फाळ्यावरची थावरी
पळसाच्या पानात मीठ घेऊन आली.
कोण, कुठला, कशाला, काही विचारलं नाही.
एवढंच म्हणाली, तुझ्या झोपडीचं तोंड चुकलंय,
वारा इकडून येतो.
मी ऐकलं नाही. तोंड माझं, दिशा माझी.
रात्री कोळशानं कुडावर लिहिलं:
उसनं, मीठ, एक पान.

चैत्रात ती पहाटेपासून मोह वेचायची,
वाकलेली, दवात, लेकीला पाठीशी बांधून.
हाटात मोह टोपलीनं जायचा
आणि बदल्यात मीठ वजनानं यायचं.
किती येतं, विचारलं.
सेठ म्हणेल तेवढं.

जायचं नव्हतं मला.
आंब्याच्या फांदीला तराजू टांगलेला.
मी सेठचं किलो उचललं,
आणि डोळ्यांच्या आधी हाताला कळलं.
उलटं केलं.
शिसं कोरून काढलेलं, खळग्यात डांबर,
आणि कडेला चिकटून राहिलेला एक पातळ कपचा,
त्याच्यावर १, आणि अर्धा ७.

"सरकारी छाप आहे साहेब," सेठ म्हणाला,
"बघून घ्या."

बघितलं.
पानातलं ते मीठ, जे मी जिभेवर धरून
डोळे मिटून विरघळू दिलं होतं,
ते माझ्याच आकड्याखाली कमी भरलेलं होतं.

डोंगर चढून वर गेलो. झाकणावरचं वजन काढलं.
खाली येईपर्यंत ऊन कलंडलं होतं,
सेठ गोण्या शिवत होता, थावरी वाट बघत बसली होती,
आणि वर वानरांनी माझ्या भाकऱ्या नेल्या असणार.
दोन किलो दोन पारड्यांत ठेवले.
माझं खाली गेलं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
सेठनं तीन मुठी मीठ आणखी घातलं,
कपाळाला आठी न घालता, जसं काही विसरलाच होता.

आता वजन थावरीकडे असतं.
दर शनिवारी ओढणीच्या गाठीत बांधून नेते.
मी तिला सांगितलं, नियमानं दर दोन वर्षांनी
हेही तपासून घ्यावं लागतं,
याची मुदत कधीच संपली आहे.
तिनं ते तळहातावर जोखलं,
दुसऱ्या हातावर लेकीचं पाऊल,
आणि म्हणाली, चालेल.

झाकणावर मी दगड ठेवतो.
कुडावरचं उसनं तसंच आहे, पुसलं नाही.
वसुधाला पत्र टाकलं, छिन्नी पाठव म्हणून,
आणि तिला यायचंच असेल तर
सकाळच्या गाडीनं ये.

या आठवड्यात झोपडीचं तोंड फिरवून घेतलं.