मानस

रविवारी सकाळी नऊच्या फेरीने चोडणला जाते.
पिशवीत आईच्या बीपीच्या गोळ्या, पणजीतले पाव
आणि तीन शब्द: हो. बरं. बघू.
चौथा शब्द नेत नाही.
चौथा तिला पुरतो, अख्खा दिवस तापवायला.

दारातच म्हणते, "बारीक झालीस. लोक मला विचारतील."
माझं बारीक होणंही तिच्याच अंगावरचं.

माझं गर्भाशय काढलं त्या दिवशी
बांबोळीच्या वॉर्डात तिला चक्कर आली.
भेटायला आलेले सगळे तिच्या स्टुलाभोवती.
कुडचडकर मावशी तिला लिंबूपाणी पाजत होत्या
आणि मी पलंगावरून विचारत होते,
"आई, बरं वाटतंय का आता?"

हे मी कित्येक वर्षं विनोद म्हणून सांगितलं.
लोक हसायचे. मीही.
मग एकदा ती म्हणाली, असं काही झालंच नव्हतं,
तू पहिल्यापासून हळवी.

तेव्हापासून मासळीच्या बिलामागे लिहून ठेवते
तारीख, वार, वाक्य.
तिला दाखवायला नाही.
रात्री दोन वाजता मला दाखवायला.

बाबा कोरगुट होते.
खाऱ्या पाण्यात उभं राहून पिकणारं भात.
चाळीस वर्षं पिकले,
पाय झोंबतात असं एकदाही म्हणाले नाहीत.
फक्त एकदा, मी नऊ वर्षांची असताना,
खाजनाच्या बांधावर घेऊन गेले मानस दाखवायला:
पाण्याच्या वाटेवरची लाकडी दारं, काळी, शेवाळलेली.
मी विचारलं, भरती आली की दार कोण लावतं?
मानशीवरचा गुणो हसला.
"कोण कित्याक जाय गो बाय? पाणीच लावतं.
जितकं जोरात येतं, तितकं घट्ट."
बाबा काही बोलले नाहीत.
दाराकडे बघत राहिले. बघतच राहिले.

मला कळायला चव्वेचाळीस वर्षं लागली.
मी समजत होते दार म्हणजे आपटणं,
दार म्हणजे तिला एकदा कळायलाच हवं.
तिला कळणार नाही.
हे बिलामागे लिहिताना हात थरथरला,
मग चक्क भूक लागली.

तरी खेकडे बांध पोखरतातच.
परवा म्हणाली, "सर्वेशची बायको बघ, रोज फोन करते,"
आणि मी तीन रात्री जागी,
गुणोसारखी चिखल घेऊन भोकं बुजवत.

दुपारी ती झोपते. तोंड उघडं, दात वाटीत.
कुणी बघत नसलं की ती
कुणाची तरी सहा वर्षांची मुलगी दिसते,
पंगतीत न बोलावलेली.
मी पंखा एकने कमी करते.
समजतं मला.
समजलं म्हणून कुणी दार काढून टाकत नाही.
आत माझं भात आहे.

साडेपाचला उठते. ती म्हणते, "एवढ्यात?
जा. मी मेले तर पेपरात वाच."
"बघू," म्हणते मी.
म्हणायचं होतं "बरं".

फेरी सुटते. मांडवी चढू लागलीय,
किनाऱ्यालगतच्या खारफुटीची मुळं एकेक बुडतायत.
पिशवीत फोन वाजतो, थांबतो, वाजतो.
फोनखाली तिने दिलेली आमसुलं, कागदात बांधून.
"माझ्यासारखी गोव्यात कुणी करत नाही,"
असं सांगून दिलेली.

ते मात्र खरं आहे.
रात्री कढी करीन.