हलू नका

छातीला थंड पाटी लावा, हनुवटी वर,
श्वास घ्या, रोखा. हलू नका.
एकतीस वर्षं हेच म्हणतेय मी
जळगावच्या सिव्हिलमध्ये, खोली नंबर नऊ.
आता सगळं संगणकावर दिसतं.
फिल्म बघायची उजेडपेटी
मोडीत काढायच्या यादीत गेली,
माझ्या निवृत्तीच्या चार महिने आधी.

तिच्यावरच मांडल्या मी त्या सात काचा.

एरंडोलची बंद जिनिंग पाडली तेव्हा
भंगारवाल्या हुसेनभाईंनी बाजूला काढलेल्या.
"मॅडम, यात माणसं आहेत," म्हणाले,
"तुम्ही हाडं बघता, ही पण बघा."
पत्र्यातल्या झरोक्यांना बसवल्या होत्या,
म्हणजे किती हंगाम कोण जाणे
ही माणसं वरून
कापसाच्या गंजीवर सावली धरून होती.

एका काचेच्या कडेला खिळ्यानं कोरलंय:
भिवसन दौलत तांबट.

गावात विचारलं. फोटोवाला कुणाला आठवेना.
तांबट आळीतले एक आजोबा तेवढे म्हणाले,
"तो अंडीवाला का?"
दर बाजाराला दोन कोडी अंडी घ्यायचा म्हणे,
पांढरं कागदाला फासायचा,
पिवळं शेजारच्या पिंजाऱ्याच्या पोरांना.
जातीनं वाळीत टाकला.
चांदीच्या पाण्यानं बोटं कायमची काळी;
बायको राजसबाई त्याला वेगळ्या ताटात वाढायची,
दार लावून घ्यायची,
आणि त्याच ताटात जेवायची.

पाच काचांवर पाच भिल्ल.
साहेबाच्या नोंदवहीसाठी
धुळ्याच्या तुरुंगाच्या भिंतीशी उभे केलेले,
हातात पाटी, पाटीवर आकडा.
उलट्या छायेत अंगं दुधासारखी, भिंत काळीकुट्ट.
चेहरे नाहीत.
म्हणजे आहेत, पण
साचल्या पाण्यात कुणी बोट फिरवावं तसे.

सहाव्या काचेवर तापीचा पूल.
सातवीवर साहेबाचा कुत्रा.

धुळ्याच्या जुन्या दप्तरात एकच ओळ सापडली,
मोडी जाणणाऱ्या मास्तरांनी वाचून दिली:
सदरहू इसमाचा हात कापतो, पुढे काम देऊ नये.

हात कापणाऱ्याला
कुत्र्याच्या मिशा कशा टिपता आल्या?

हललेली फिल्म मला कळते.
यंत्र हललं असतं तर भिंतही हलली असती.
इथे वीट न् वीट जागेवर,
पाटीवरचा आकडा घट्ट.
हलली आहे ती फक्त मान,
पाचही जणांची, डावीकडून उजवीकडे,
सांगितल्यासारखी.

रिपोर्टवर हे मी लिहिणार नाही. पुरावा नाही.
पण रात्रपाळीला पेटी लावून बसले
की काळ्या कापडाखालून ऐकू येतं,
साहेबाला न कळणाऱ्या आमच्या बोलीत:
हाल रे भो, जरासा हाल.

काम सुटलं तसा तो परत घंगाळी ठोकायला बसला.
काचा जिनिंगवाल्यानं शेकड्याच्या भावानं नेल्या.
बहुतेक घासून कोऱ्या केल्या असाव्यात,
या सात कुणाच्या आळसामुळे वाचल्या देव जाणे.
त्याचा स्वतःचा फोटो नाही. कोण काढणार?

काल चोपड्याकडचा एक पावरा म्हातारा आला,
दोन महिन्यांचा खोकला, बरोबर नात.
श्वास रोखा म्हटलं, हलू नका म्हटलं,
नातीनं त्याच्या बोलीत सांगितलं,
तरी ऐन वेळी मान वळवून
त्यानं माझ्याकडे बघितलं.

पुन्हा घेतला. घ्यावाच लागतो,
फुफ्फुसातला डाग दिसायला हवा,
नाहीतर औषध कशावर देणार?
दुसरा स्वच्छ आला, वरच्या मजल्यावर पाठवला.

पहिला अजून पुसलेला नाही.