पायाखाली

रंगाखाली नळी उरलीच नव्हती.
पान्याचा टेका लागला, पापुद्रा सुटला
आणि चहाच्या रंगाचं ब्रेक ऑइल
मनगटावरून बाहीत.
तुर्कूच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ.
सदुसष्टच्या व्होल्वोनं इतकं खाल्लं,
पण लोखंड मिठाला जागलं नाही.
बाबा दर उन्हाळ्यात वरून काळा हात मारायचे, बस्स.
म्हणजे आम्ही सगळे
रंगाच्या भरवशावर थांबत होतो.

नवी तांब्याची नळी अंगठ्यावर वळवली,
तोंड फुलवलं.
एक फुकट गेलं. नट आधी ओवायचा राहिला.

मग आईला बोलावलं. पेन्टी शेजारी नव्हता,
आणि तिनं गाडी कधीच चालवली नव्हती.
"दाब. धर. धरून ठेव... सोड."
चाकामागे बुडबुडे, थुंकल्यासारखे थेंब,
बऱ्याच वेळानं सलग धार.
वरून तिचा आवाज:
"अगं, याला खाली काहीतरी लागतं!"

तीस वर्षं बाजूच्या सीटवर
दर वळणाला तिचा उजवा पाय
चटई दाबायचा.
बाबा हसायचे.
आज झाडताना पाहिलं,
तिथं रबराला भोक आहे,
चवड्याएवढं.